एक कान हेडफोनला, एक कान शेजाऱ्याला

मागच्या अंकात पहिला डीजे-कंट्रोलर कोणता घ्यावा यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं मात्र यंत्रांबद्दल नाहीत, माणसांबद्दल आहेत. दोघांनी मिळून कसं वाजवायचं, पाहुण्या डीजेच्या आधी काय वाजवायचं, ढोल-ताशाबरोबर कसं जमवायचं, पैसे कसे वाटायचे. मला हे फार आवडलं. एकट्याने वाजवायला शिकवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात, दुसऱ्याबरोबर वाजवायला शिकवणारं कोणी भेटत नाही. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच.

ताई, मी आणि माझा मित्र मुंढव्याच्या एका बारमध्ये दर गुरुवारी बी-टू-बी वाजवतो, एक गाणं त्याचं, एक माझं. माझं गाणं चालू असताना तो मिक्सरला (एका गाण्यातून दुसऱ्यात जायच्या यंत्राला) हात लावतो, फिल्टर फिरवतो. मी चांगलं गाणं टाकलं की तो त्याहून मोठं टाकतो. अर्ध्या-पाऊण तासात सगळी हिट गाणी संपून जातात आणि फ्लोअर रिकामा होतो. त्याला कसं सांगू?
– २३ वर्षांचा वाचक, कर्वेनगर

मिक्सरचं आधी उरकते, कारण ते सोपं आहे. ज्याचं गाणं आत येतंय, त्याचे हात मिक्सरवर. बदल तोच करणार, जुन्या गाण्याचा बेस तोच काढणार आणि नव्याचा तोच देणार. दुसऱ्याने तोवर हात मागे घ्यायचे आणि पुढचं गाणं शोधायचं. चार प्लेअर असतील तर डावीकडची जोडी एकाची, उजवीकडची दुसऱ्याची. हे गुरुवारी दुपारी चहा पिताना ठरवा, कन्सोलवर उभं राहून नव्हे. तिथे आवाजात बोललेलं अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याचा राग येतो.

आता मोठं दुखणं. एकट्याने वाजवताना आपण विचार करतो की आता काय टाकू. दोघांत वाजवताना त्याच्या जोडीला आणखी एक विचार लागतो: माझं गाणं संपेल तेव्हा मित्राच्या हातात काय असेल? समज, तू असं गाणं टाकलंस ज्याच्या शेवटपर्यंत गायिका वरच्या पट्टीत गातेय आणि सगळा फ्लोअर हात वर करून ओरडतोय. त्याच्यावर मित्र काय ठेवणार? त्याहून मोठंच काहीतरी. तू त्याला दुसरा रस्ता ठेवलाच नाहीस. मग तो तुला ठेवत नाही. हिट गाणी अर्ध्या तासात संपतात ती अशी. यात त्याचा जितका हात आहे तितकाच तुझाही आहे.

त्याऐवजी असं गाणं सोड, ज्याच्या शेवटी मिनिटभर नुसता ताल आहे. गाणाऱ्याचा आवाज नाही, मोठी सुरावट नाही. तिथून तो वर जाऊ शकतो, खाली येऊ शकतो, वाटलं तर वेगळ्याच ढंगाचं काही आणू शकतो. मी कुणाबरोबर वाजवते तेव्हा त्याचं एकेक गाणं किती भारी होतं हे नंतर आठवत नाही. त्याने मला कुठे आणून सोडलं ते मात्र नेमकं आठवतं. ज्यांनी दार उघडं ठेवून सोडलं, त्यांच्याबरोबर मी पुन्हा पुन्हा वाजवलंय.

तुम्ही एक-एक सोडून दोन-दोन गाण्यांवर या. एक-एकमध्ये तुम्ही सतत एकमेकांना उत्तरं देत राहता, कोणालाच काही उभारता येत नाही. दोन मिळाली की पहिल्या गाण्याने त्याने जिथे आणलंय ती जागा स्वीकारायची आणि दुसऱ्याने पुढे न्यायचं. पाव तास-पाव तास असंही चालतं, पण तो पुढचा टप्पा.

गाणं कुठे आणायचं त्याचा हिशेब दोघांच्या डोक्यात एकच हवा. आपलं बहुतेक नाचायचं संगीत चार मात्रांच्या खणांत चालतं आणि १६ खणांनी काहीतरी बदलतं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) १६ खण म्हणजे बरोबर ३२ सेकंद. मित्राचं गाणं वाजत असताना तूही मनात हे खण मोजत राहा. तो मिक्स कधी करणार हे तुला त्याच्या खांद्यावरूनच कळायला लागेल.

आणि गेन, म्हणजे आपलं गाणं मिक्सरमध्ये किती जोरात शिरतं ते. माझं गाणं त्याच्याहून जरा जोरात असावं असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्येक पाळीला मीटरचा एक दिवा वर चढतो, तासाभरात मास्टर (बाहेर जाणारा एकूण आवाज) लाल होतो आणि लोकांचे कान थकतात. ते बाहेर जाऊन उभे राहतात आणि आपल्याला वाटतं गाणी चुकली. तुमचा फ्लोअर रिकामा होण्यामागे हेही असणार. पहिल्या गाण्याला लेव्हल ठरवा आणि रात्रभर तीच ठेवा.

घरी करायचा एक सराव सांगते. आपापली वीस गाणी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डर बदला. तू त्याच्या गाण्यांवर वाजव, तो तुझ्या. मित्राला काय आवडतं आणि का आवडतं, हे त्या एका दुपारी जितकं कळेल तितकं वर्षभर शेजारी उभं राहून कळत नाही.

पेन ड्राइव्ह एकाचा वापरायचा की दोघांचे? कधी कधी माझी गाणी क्लबच्या प्लेअरवर दिसतच नाहीत.
– वाचक, वाकड

दोघांचे, आणि प्रत्येकाचा एक जास्तीचा. फॉरमॅट एफएटी३२ ठेवा, तो पेन ड्राइव्ह घेणाऱ्या जुन्या-नव्या सगळ्या सीडीजेना (क्लबमधल्या प्लेअरना) वाचता येतो. फ्लॅक फाइल्स सीडीजे-२०००च्या जुन्या मॉडेलवर वाजत नाहीत, नेक्सस-२ पासून वाजतात. अनोळखी ठिकाणी ३२०ची एमपी३ किंवा एआयएफएफ न्या. रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये गाणी तपासून, बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणा) नीट बसवून मगच एक्सपोर्ट करा. प्लेअर केबलने जोडलेले असतील तर जोडीदाराच्या गाण्याशी जुळणारं स्केल तुमच्या यादीत हिरवं दिसतं. पण गाणं नीट तपासलेलं असेल तरच तो हिरवा रंग खरा.

एक धोका लक्षात ठेवा. प्लेअर असे केबलने जोडलेले असले की एकाच पेन ड्राइव्हवरून सगळे प्लेअर वाजू शकतात. आपलं गाणं संपलं म्हणून घाईने ड्राइव्ह ओढलात आणि पलीकडचा प्लेअर त्याच ड्राइव्हवरून वाजत असेल, तर तो चार मात्रांच्या लूपमध्ये अडकतो. आधी सगळ्या स्क्रीन बघा, शेजाऱ्याला विचारा, मग काढा.

हेडफोनचंही सांगते. बऱ्याच मिक्सरवर क्यू (पुढचं गाणं हेडफोनमध्ये आधी ऐकायची सोय) एकच असतो, म्हणजे दोघांना एकाच वेळी वेगवेगळं ऐकता येत नाही. २०२३मध्ये आलेल्या डीजेएम-ए९ या मिक्सरला दोन स्वतंत्र क्यू आहेत. बी-टू-बी असेल तर कार्यक्रमाआधी मिक्सर कोणता आहे ते विचारून घ्या.

मुंबईहून मोठा पाहुणा डीजे येणार आहे. त्याच्या आधीचे दोन तास मला मिळालेत, पहिल्यांदाच. सगळे मित्र येणार आहेत. मी त्याच्यापेक्षा कमी वाटू नये असं वाटतंय.
– वाचक, बालेवाडी

तुझी धडधड मला इथे बसून कळतेय. पण तुला मिळालेले दोन तास हे त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम आहे. रिकाम्या जागेत पहिली दहा माणसं येतात, भिंतीला टेकून उभी राहतात. त्यांना अवघडल्यासारखं वाटू न देता फ्लोअरच्या कडेपर्यंत आणायचं. पाहुण्याच्या वेळी ती आधीच नाचत असतात.

त्याला आठवडाभर आधी मेसेज कर: तुम्ही साधारण कुठल्या टेम्पोवर सुरू करणार? समज, १२४ म्हणाला, तर तू ११४-११६ पासून सुरू कर आणि दोन तासांत हळूहळू १२२ वर ये. मोठे ड्रॉप (गाणं थांबून एकदम जोरात सुटतं त्या जागा) नकोत, सगळ्यांना पाठ असलेली गाणी नकोत, आणि त्याने स्वतः केलेलं एकही गाणं वाजवायचं नाही. खोल, मोकळी, कमी बोलाची गाणी निवड. मास्टरची लेव्हल पूर्ण वापरू नकोस, त्याच्यासाठी थोडी जागा ठेव. मित्रांना आधीच सांग की आज मी दार उघडायला आहे, फर्माइशी नकोत.

तो लॅपटॉपवर वाजवणारा असेल तर त्याचाही बदल कार्यक्रमाआधी जुळवून ठेव. डीजेएम-९००नेक्सस-२ या मिक्सरला दोन यूएसबी पोर्ट आहेत, तुझं चालू असतानाच त्याचा लॅपटॉप दुसऱ्यात लागू शकतो. शेवटचं गाणं लांब शेवटाचं टाक आणि त्याला टेम्पो सांग. मग रिकाम्या चॅनेलचे इक्यू (बेस आणि वरचे सूर कमी-जास्त करायच्या कळी) मधोमध, फिल्टर मधोमध, इफेक्ट बंद करून बाजूला हो. तो मान हलवेपर्यंत तिथेच थांब. गाणं संपायच्या आत त्याला काही सापडलं नाही तर तू जवळ असायला हवास.

मग खाली उतरून त्याचा सगळा सेट ऐक. वाजवून झाल्यावर लगेच निघून जाणारे वॉर्म-अप डीजे मला समजत नाहीत. ज्याच्यासाठी दोन तास जमीन तयार केली, तो तिच्यात काय पेरतो ते बघायची उत्सुकता कशी नसते?

आमच्या चुलतभावाच्या लग्नाला डीजेही आहे आणि ढोल-ताशा पथकही. दोघांनी एकत्र वाजवावं अशी घरच्यांची हौस आहे. मागे एका लग्नात असं केलं तर नुसता गोंधळ झाला. हे जमतं का?
– वाचक, धनकवडी

जमतं, आणि जमलं की अंगावर काटा येतो. मी डीजे व्हायच्या आधी पथकात ताशा वाजवायचे. गणपतीच्या आधी नदीपात्रात सरावाला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. तिथे पहिली गोष्ट शिकतात ती वाजवण्याची नाही, ऐकण्याची. ताशा बोलतो, ढोल उत्तर देतात, आणि पन्नास ढोल एका ताशाच्या हातावर वळतात. डीजेने लग्नात पथकाबरोबर उभं राहायचं ते याच रीतीने: म्होरक्या ताशेवाला, डीजे त्याच्या मागून.

गोंधळ होतो त्याची कारणं साधी आहेत. पहिलं, यंत्राचा टेम्पो हलत नाही आणि माणसांचा हलतो. पथक रंगात आलं की लय वाढते, वाढायलाच हवी. त्या क्षणी गाणं १२०लाच अडून बसलं तर दोघं एकमेकांच्या पायात येतात. डीजेचा हात टेम्पोच्या स्लायडरवर हवा, डोळा ताशेवाल्याच्या मनगटावर, आणि टेम्पो आपोआप जुळवणारं सिंक बंद.

दुसरं, अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कन्सोल स्टेजवर आणि पथक लॉनच्या दुसऱ्या टोकाला ३४ मीटरवर असेल, तर गाणं त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतं. १२०च्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्धा सेकंद असतं, त्यात एवढा उशीर म्हणजे उघड उघड दुहेरी ठोका. ताशेवाले कन्सोलच्या अगदी पुढ्यात उभे करा आणि एक स्पीकर फक्त त्यांच्याकडे वळवा. ढोल वाजायला लागले की त्यांना दुसरं काहीच ऐकू येत नाही.

तिसरं, बेस. ढोलाची थाप आणि गाण्यातला किक (ड्रमचा जाड ठोका) एकाच जागेवर आदळतात आणि दोन्हींचा चिखल होतो. पथक वाजत असताना डीजेने गाण्याचा लो, म्हणजे बेस, पूर्ण काढावा. त्याहून बरं म्हणजे ढोलाच्या वेळी ताल असलेलं गाणं वाजवूच नये. नुसता आलाप, सनईचा तुकडा किंवा एखादा लांब सूर खाली धरून ठेवावा. ज्या हाताला (पथकाच्या ठरलेल्या तालाला) तीन-तीनचा झोका आहे, त्याच्यावर चारच्या चालीचं गाणं टाकलं तर लाखाचं साउंडही ते जुळवून देणार नाही, म्हणून कुठला हात कधी वाजणार ते पथकप्रमुखाकडून आधी लिहून घ्या.

माझा सल्ला असा की पूर्ण वेळ एकत्र वाजवायचा हट्ट करू नका. चार मिनिटं डीजे, चार मिनिटं पथक, आणि मध्ये एकेक मिनिट दोघं मिळून, सवाल-जवाबासारखं. शेवटचा भाग पथकाचा ठेवा. ढोल थांबल्यावर स्पीकर कितीही मोठा लावला तरी तो बारीकच वाटतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पथकाच्या सरावाला डीजेला एकदा पाठवा. तासाभराचंच काम आहे, पण त्याशिवाय हे करू नका.

आमच्या आणि शेजारच्या मंडळाच्या डीजेंची मिरवणुकीत समोरासमोर स्पर्धा ठेवायचा विचार आहे. जिंकायला काय सेटअप लावावा?
– कार्यकर्ता, पुणे शहर

तुम्ही विश्वासाने विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: लावू नका. समोरासमोर सारख्या ताकदीच्या स्पीकरच्या दोन भिंती लावल्या की आवाज फक्त ३ डेसिबलच्या आसपास वाढतो. दोन वेगळी गाणी एकमेकांवर आपटतात आणि मधल्या माणसाला दोन्हींतलं एकही ऐकू येत नाही. संगीत म्हणून त्यात कोणीच जिंकत नाही.

कानाचा हिशेब मात्र पक्का आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि भिंतीसमोरचा आवाज त्याहून बराच वर जातो. तिथे तुमचीच पोरं तासन् तास नाचतात, ट्रॉलीवर लहान मुलं बसलेली असतात, वरच्या खिडकीत एखादी आजारी आजी असते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं, तेवढंच.

दोन्ही मंडळांच्या पोरांना वाजवायची हौस आहे ना? मग एकच माफक सिस्टिम लावा आणि दोघांना तिच्यावर एकत्र उभं करा. जुनी भक्तिगीतं, लावण्या, कोळीगीतं दोघांनी पाळीपाळीने विणायची. असं करणार असाल तर गाणी निवडायला आणि सराव घ्यायला मी स्वतः येईन. हे मी मनापासून लिहितेय.

माझी मुलगी २१ वर्षांची आहे. ती आणि तिची मैत्रीण दोघी मिळून डीजे म्हणून वाजवतात. रात्री उशीर होतो. पैसे कधी मिळतात, कधी नाही, आणि दोघींमध्ये त्यावरून धुसफूस चालते. मला यातलं काही कळत नाही, पण तिला थांबवायचं नाहीये.
– एक आई, सदाशिव पेठ

नमस्कार काकू. शेवटचं वाक्य वाचून तुम्हाला भेटावंसं वाटलं.

मुलींना सांगा की तोंडी ठरलेलं काहीही ठरलेलं नसतं. वेळ किती, पैसे किती, निम्मे आधी, उरलेले वाजवायच्या आधी की त्याच रात्री, यंत्रं कोणाची, परतीची गाडी कोणाची, हे सगळं मेसेजवर लिहून घ्यायचं आणि समोरच्याचं ‘हो’ आल्याशिवाय तारीख पक्की धरायची नाही. परतीची गाडी दोघींची मिळून एक, आणि ती आयोजकाने द्यायची. मुली आहेत म्हणून ही मेहेरबानी नव्हे, ही कामाची अट आहे. एक आयोजक मला म्हणाला होता, ‘तुम्ही फक्त समोर उभ्या राहा, वाजवायला आमचा मुलगा आहे.’ असं कोणी म्हणालं तर दोघींनी तिथूनच परत फिरावं.

आपसातल्या वाटणीचं. खर्च आधी वजा करायचा: प्रवास, भाड्याचं सामान, विकत घेतलेली गाणी. उरलेलं निम्मं-निम्मं, कोणी जास्त वेळ वाजवलं याचा हिशेब न करता. काम आणलं तिला थोडं जास्त द्यायचं असेल तर तेही आधी ठरवा. जोडीचं नाव आणि इन्स्टाग्रामचं खातं कोणाचं, एक बाहेर पडली तर काय, हे आत्ता गोडीत असताना लिहून ठेवायचं. मैत्री टिकवायला याचा फार उपयोग होतो.

आणि तुम्ही त्यांना काही द्यायचं ठरवलंत तर कानाचे चांगले प्लग द्या. संगीतकारांसाठी असतात ते, सूर न बिघडवता आवाज कमी करणारे.

आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. चौघांनी एकत्र काही करता येतं का, की चार जण म्हणजे गर्दीच?
– वाचक, फर्ग्युसन रस्ता

येतं की! टर्नटेबल वाजवणाऱ्यांच्या टोळ्या हे फार आधीपासून करत आलेत. न्यूयॉर्कचे एक्स-एक्युशनर्स, कॅलिफोर्नियाचे इनव्हिजिबल स्क्रॅच पिकल्झ यांच्या जुन्या चित्रफिती शोधा. एक जण फक्त ड्रम, एक फक्त बेस, एक सुरावट, एक स्क्रॅच (रेकॉर्ड हाताने मागे-पुढे करून काढलेला आवाज). चौघं मिळून एक बँड. एकाच गाण्याचे चार तुकडे करून सुरुवात करा, आणि प्रत्येकाने शांत राहायच्या जागाही लिहून काढा. त्या पाळणं सगळ्यात कठीण जातं.

आम्ही दोघांनी मिळून एक ट्रॅक बनवला. आता मित्र म्हणतो कल्पना त्याची होती. हक्क कोणाचा?
– वाचक, पिंपरी

गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: रचना, आणि तिचं ध्वनिमुद्रण. दोन्हींचे हक्क वेगळे. रचनेत दोघांचं काम एकमेकांपासून सुटं काढता येत नसेल तर कॉपीराइट कायदा ते संयुक्त काम मानतो. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिला दिलेल्या रूपावर असतो. आज संध्याकाळी भेटा, रचनेचे आणि मुद्रणाचे टक्के एका कागदावर लिहा, दोघांनी सही करा, तारीख घाला. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नाव नोंदवायची वेळ येईल तेव्हा हेच टक्के लागतील. प्रोजेक्ट फाइलची एकेक प्रत दोघांकडे ठेवा. त्यात तुम्ही कुणा तिसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर त्याची परवानगी मिळेपर्यंत ट्रॅक कुठेही चढवू नका.